सही करणाऱ्याचं घर

हवाई दलात विमानांची देखभाल करणाऱ्या माणसाबद्दल आमच्या बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात, मेहकरसारख्या महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या गावांत, दोन मतं कायम ऐकू येतात. देशासाठी त्यानं घरावर पाणी सोडलं, असं काहीजण अभिमानानं म्हणतात. घरची ओढच नाही म्हणून तो दूरच्या पोस्टिंगवर रमतो, असं काहीजण कुरकुरत म्हणतात. दोन्ही मतांमागचं गृहीत एकच आहे: नोकरीला दिलेलं घरातून वजा होतं. हवाई दलाच्या अभियांत्रिकी कामात उमेदीची वर्षं घालवल्यावर मला हे गृहीत पटेनासं झालं. रजा कमी पडते, सणवार हुकतात, हे खरंच आहे. तरीही विमान सांभाळण्याची जी रीत या कामात अंगी बाणते, तीच घर सांभाळायलाही लागते. ती गणवेशासोबत खुंटीला टांगायची की घरात वापरायची, हे मात्र ज्याच्या त्याच्या हातात असतं.

ही रीत काय आहे, ते बीदरच्या हवाई तळाकडे पाहून सांगता येईल. बीदरला १९६३पासून वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. ‘सूर्यकिरण’ हे कसरती करणारं पथक १९९६ मध्ये इथंच उभं राहिलं, ते ‘किरण’ विमानांवर. ते विमान बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये (आजचं हिंदुस्तान एरोनॉटिक्स) डॉ. विष्णू माधव घाटगे या कोल्हापूरकडच्या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली आकाराला आलं आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी पहिल्यांदा उडालं. २००८ मध्ये बीदरला ‘हॉक’ आलं. विमानं बदलली, देखभालीचे नियम तेच राहिले. ठरावीक उड्डाणतास किंवा ठरावीक मुदत भरली की विमान ठणठणीत वाटत असलं तरी उघडून तपासायचं. काम सुरू करताना आणि संपल्यावर हत्यारं मोजायची. एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही. केलेलं प्रत्येक काम फॉर्म ७०० मध्ये नोंदवून ज्यानं केलं त्यानं खाली सही करायची. त्या नोंदी पाहून वैमानिक विमान ताब्यात घेतो. बीदरला हा वैमानिक बहुधा विशीतला शिकाऊ असतो, कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी. सही करणाऱ्याची आणि त्या आईबापांची भेट कधी होत नाही, पण त्यांची झोप त्या सहीवर अवलंबून असते.

घरच्या माणसांना दूर असलेल्या कर्त्या माणसाकडून नेमकं हेच हवं असतं. बिघाड होण्याआधी लक्ष, झालेल्या गोष्टीची नोंद, आणि चुकलं तर लगेच सांगण्याची सवय. वडिलांची साखर वाढून पाय सुजेपर्यंत थांबायचं नाही. तपासणीची तारीख ठरलेली असली पाहिजे. लग्न, मुलाचा जन्म, वारसदाराचं नाव या गोष्टी हवाई दलाच्या दप्तरात वेळेवर चढल्या पाहिजेत, कारण गटविमा आणि कुटुंबनिवृत्तिवेतन त्याच नोंदींवर मिळतं. यात कुणाला माया दिसणार नाही. पण कर्ता माणूस अचानक गेल्यावर ज्या घरात कागद सापडत नाहीत, त्या घराची कचेऱ्यांमधली फरपट आपल्या भागानं पाहिलेली आहे. मायेचं मोल तिथं कळतं.

यावर पहिला आक्षेप असा की माणसं म्हणजे यंत्रं नव्हेत. वेळापत्रकानं संसार होत नाही. आक्षेप रास्त आहे. रुसलेल्या मुलीची समजूत कुठल्याही नियमपुस्तकात सापडत नाही. पण नियमितपणा प्रेमाचा शत्रू आहे, हे मला मान्य नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा तुटला. उदगीर, निलंगा आजच्या महाराष्ट्राकडे गेले, भालकी आजच्या कर्नाटकात राहिली. एका घरच्या लेकी-सुना दोन राज्यांत विभागल्या. तरी नाती तुटली नाहीत, कारण पंचमीला, दिवाळीला माहेरचं माणूस न्यायला जायचंच, हा नेम कुणी मोडला नाही. ओढ होतीच, तिला टिकवलं ते नेमानं. दूरच्या तळावरून ठरल्या वेळी येणाऱ्या फोनचं कामही तेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तो दूर बसून नेम पाळतो, पण सासू-सासऱ्यांचं दुखणं, शेतीची कामं, मुलांच्या शाळा हे सगळं बायकोच ओढते. मग कुटुंबवत्सल म्हणून कौतुक त्याचं का? दर बदलीला तिनं संसार बांधून पुन्हा मांडायचा, मुलांनी घरात मराठी, बाहेर तिथली भाषा आणि केंद्रीय विद्यालयात हिंदी-इंग्रजी सांभाळायची, आणि जिथं कुटुंबाला नेता येत नाही अशा तळावर बदली झाली की तिनं एकटीनं सगळं निभवायचं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचं उत्तरही देखभालीच्या रीतीतच आहे. हँगरमध्ये दुसऱ्यानं केलेल्या कामावर आपली सही ठोकणं हा गुन्हा मानतात. मग घरातलं तिचं काम आपल्या नावावर खपवणं योग्य कसं ठरेल? बँकेच्या खात्यावर, घराच्या कागदावर, शेताच्या पहाणीत, म्हणजे उताऱ्यावर, तिचं नाव चढलं पाहिजे. बदलीचा पर्याय भरण्याआधी तिचं मत घेतलं पाहिजे. निवृत्तीनंतर गावी राहायचं की शहरात, हे दोघांनी मिळून ठरवलं पाहिजे. एवढं करणाऱ्यालाच मी कुटुंबाशी एकनिष्ठ म्हणेन.

आज आपल्या भागातली मुलं हवाई दलाच्या भरतीची तयारी करतात, तेव्हा घरचे पगार विचारतात, सुट्ट्या विचारतात. ते विचारावंच. पण मुलगी देताना आणि मुलाला निरोप देताना आणखी एक गोष्ट पाहावी: हा माणूस स्वतःची चूक आपणहून सांगतो का, आणि दुसऱ्याच्या कामाचं श्रेय त्याला देतो का. विमान उडण्यालायक आहे, असं लिहून देणाऱ्याकडून हवाई दल एवढीच अपेक्षा ठेवतं. घरानं त्याहून कमी मागू नये.