काटकोन

१९९४ सालची गोष्ट. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स विभागात सुपरवायझर होतो. एका मोठ्या प्रेसच्या पायाचा नट आवळायचा होता. एवढा नट माणसाच्या बळाने आवळला जात नाही. म्हणून पान्याला एक मीटर लांबीचा दांडा जोडून त्याच्या टोकाला आम्ही हायड्रॉलिक जॅक लावला.

गणित सोपे वाटले. जॅकच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर. गेजवर दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो दाब. म्हणजे बल २,००० किलो. त्याला एक मीटरने गुणले की नटावरचा पीळ, म्हणजे टॉर्क, २,००० किलो-मीटर. तेवढाच हवा होता. आकडा वहीत लिहून, हेल्परला जॅक चालवायला सांगून मी निघून गेलो.

आठवड्याभरात नट सैल झाला आणि प्रेस बंद पडली. कोणाला इजा झाली नाही, ही परमेश्वराची कृपा. ठपका मात्र हेल्परवर आला. नगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेला तो कंत्राटी मुलगा. त्याचे काम सुटणार अशी चिन्हे दिसू लागली.

त्या रात्री मी वही पुन्हा उघडली. बलाला दांड्याच्या लांबीने गुणायचे, हे दोहोंत काटकोन असेल तेव्हाच खरे. एरवी नटाच्या मध्यापासून बलाच्या रेषेवर टाकलेला लंब मोजायचा असतो. नट फिरता फिरता दांडा तीस अंशांनी कलला, तेव्हा तो लंब ८७ सेंटिमीटरच उरला आणि पीळ १,७४० वर आला. गेज मात्र १०० च दाखवीत राहिले. शिवाय पिळाचा सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्ची पडतो. बोल्ट ताणून धरायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आमचा हिशेब तेल लावलेल्या आट्यांचा होता आणि तेल लावायला मी सांगितलेच नव्हते.

दोन दिवस मी गप्प राहिलो. घराचे हप्ते, मुलांच्या शाळा. कारणे पुष्कळ सुचली. रविवारी पापनिवेदनाला गेलो. फादर शांतपणे म्हणाले, "क्षमा देव करील, पण त्या मुलावरचा डाग कोण पुसणार?"

सोमवारी वही घेऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो. मला लेखी ताकीद मिळाली, मुलाचे काम टिकले. पुढे आम्ही आट्यांना तेल लावून, दांडा थोडा थोडा फिरवून पुन्हा मागे घेत असू, म्हणजे काटकोन फारसा मोडत नसे. "साहेब, काटकोन ओळखायचा कसा?" असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला सुताराचा गुण्या आणून दिला. आज तो चाकणला फिटर आहे.

पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा कामगार संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. त्या दिवशी मिस्साला गेलो की योसेफाच्या हातातल्या गुण्याची मला आठवण होते. तो दुसऱ्याच्या कामाला लावण्याआधी आपल्या कामाला लावून पाहावा, एवढे मी त्या नटापाशी शिकलो.