कणकुंबीहून सांत इस्तेव्हकडे

निपाणी सोडून दक्षिणेस निघाले की थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो, आणि घाट चढून वर आल्यावर मागे वळून पाहिले तर तंबाखूची शेते एखाद्या हिरव्या घोंगडीसारखी पसरलेली दिसतात. आयुष्याची तीस वर्षे आम्ही ह्या तंबाखूच्या वखारींत हिशेब लिहिण्यात घालविली. त्यामुळे रंग म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम वाळलेल्या पानाचा तपकिरीच उभा राहतो. समुद्र आम्ही पाहिलेला नाही असे नाही. पण समुद्रासाठी म्हणून मुद्दाम प्रवासास निघण्याचा प्रसंग गेल्या कार्तिकापर्यंत आमच्यावर आला नव्हता.

तो आला धाकट्या चिरंजीवांमुळे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असताना एके रात्री जेवणाच्या पाटावरून त्यांनी जाहीर केले की, आपणांस हे शिक्षण पुरे करावयाचे नाही, चित्रकला शिकावयाची आहे. घरात काय झाले असेल ह्याची कल्पना वाचकांनी आपापल्या अनुभवावरून करावी. आमच्या मातोश्री जपमाळ हातात घेऊन आत गेल्या. सौभाग्यवतींनी भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने आवरली. आणि आम्ही स्वतः फीच्या पावत्यांची फाईल काढून बसलो, जणू बेरीज मोठी आली म्हणजे मुलाचे मन फिरणार होते. चार दिवसांनी त्याने एवढेच विचारले, “बाबा, फोन्सेकांचं गाव पाहायला नेता का? मग तुम्ही म्हणाल तसं.”

आंजेलो द फोन्सेका हे नाव आमच्या कानांवर होते. आमच्या घरी वेदीशेजारी त्यांच्या एका चित्राची छापील प्रत ह्याच मुलाने आणून लावली होती. साडी नेसलेली, काळ्या केसांची, सावळ्या वर्णाची पवित्र मरिया. मातोश्रींनी तिच्याकडे बराच वेळ पाहून म्हटले होते, “ह्या बाईला मी आठवड्याच्या बाजारात पाहिलंय.” ही स्तुती की तक्रार, ते आम्हांस अद्याप उमगलेले नाही. चित्र मात्र त्यांनी काढू दिले नाही.

तेव्हा आम्ही चौघे निघालो. संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडली. ही नदी आंबोलीस उगम पावते, जेथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे म्हणावे. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस जाते आणि घटप्रभेस व कृष्णेस मिळून शेवटी दूरच्या बंगालच्या उपसागरात पोचते. आमच्या सीमाभागातील बहुतेक पाण्याची ही रीत आहे. वेदगंगा, दूधगंगा, मार्कंडेय, सगळ्या पूर्ववाहिनी. माणसांचेही तसेच असावे. सह्याद्रीच्या पलीकडे कोकण आहे, गोवे आहे, आपलीच भाषा बोलणारे आप्त आहेत, पण आमची तोंडे बाजारपेठेकडे.

बेळगावी कँपात थांबलो. सेंट पॉल्स ही शाळा इथे १८५६ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी काढली. गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य असताना ज्या कुटुंबांना मुलांनी इंग्रजी शिकावे असे वाटे, ती त्यांना घाटावर पाठवीत. बेळगाव त्यांतले सर्वांत जवळचे ठाणे. मडगावहून कॅसल रॉक व लोंढामार्गे आगगाडी होती, दूधसागरचा धबधबा डब्याच्या खिडकीतून दिसे. १९०२ साली जन्मलेला आंजेलोही शिक्षणासाठी असाच बेळगावी आला आणि पुढे पुण्यास सेंट व्हिन्सेंट्समध्ये गेला. पाण्याने चहूबाजूंनी वेढलेल्या बेटावरचे पोर ह्या तांबड्या मातीच्या कोरड्या पठारावर आले तेव्हा त्याला काय वाटले असेल, असा विचार आम्ही शाळेच्या फाटकाशी उभे राहून करीत होतो. चिरंजीव मात्र फाटकाच्या सावलीचे टाचण काढीत होते.

बेळगाव हे तसे चित्रकारांना परके गाव नव्हे. के. बी. कुलकर्णी ह्यांनी येथे चित्र मंदिर चालवून कित्येकांच्या हाती कुंचला दिला. त्यांचेच शिष्य रवी परांजपे (१९३५–२०२२) येथले, पुढे पुण्यात नावारूपास आले. पण त्या सर्वांचा मार्ग निराळा. आम्हांस ज्याच्या मागे जावयाचे होते तो घाट उतरून जात होता.

जांबोटी मागे टाकल्यावर झाडी दाट होते आणि कणकुंबी येते. येथे आम्ही चहासाठी थांबलो तो तासभर हललो नाही. मलप्रभा येथे उगम पावते व पूर्वेस जाऊन कुडलसंगमास कृष्णेला मिळते. आणि ह्याच गावच्या परिसरातला कळसा नाला पश्चिमेस उतरून म्हादईस मिळतो. म्हादई स्वतःही ह्याच खानापूर तालुक्यातल्या रानातून निघते, गोव्यात तिला मांडवी म्हणतात. म्हणजे एकाच पावसाच्या सरीतले अर्धे थेंब एका समुद्राला व अर्धे दुसऱ्या समुद्राला! हे पाणी कोणी किती घ्यावे ह्यावर दोन राज्यांत मोठा वाद आहे. न्यायाधिकरणाने २०१८ साली निवाडा देऊनही तो शमलेला नाही. त्यात आम्ही पडत नाही. आम्हांस एवढेच नवल वाटले की, ज्या बेटावर फोन्सेका जन्मले त्याला वेढा घालणारे पाणी आमच्याच बेळगाव जिल्ह्यातून खाली जाते. सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे त्यांचं माहेर आपल्याकडंच की.” माहेर कोणाचे, नदीचे की चित्रकाराचे, हे विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही. दोन आठवड्यांनंतर त्या प्रथमच हसल्या होत्या.

चोर्ल्याचा घाट उतरून साखळी गाठली. हवा बदलली. अंगास चिकटणारी, मिठाची, माशांच्या वासाची हवा. पुढे माड, पुढे पाणी, मग एक पूल, आणि आम्ही सांत इस्तेव्हमध्ये.

ह्या बेटाचे जुने नाव जुवें. येथून समुद्र दिसत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण आम्ही लाटा पाहण्याच्या अपेक्षेने गेलो होतो आणि क्षणभर खट्टू झालो. दिसते ती मांडवी आणि तिचे फाटे. पण समुद्र येथे रोज दोनदा स्वतः येऊन जातो. भरतीला पाणी बांधापर्यंत चढते, ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर बगळे उतरतात. बांधाच्या आत खाजन शेती आहे. खारे पाणी आत यावे की न यावे ते मानसच्या लाकडी दारांनी ठरते. भाजीसाठी हे बेट प्रसिद्ध आहे, विशेषतः सात शिरांच्या लांब भेंड्यांसाठी. सौभाग्यवतींनी त्या घेतल्या. आमच्या निपाणीच्या बाजारातली भेंडी त्यांच्यापुढे करंगळीएवढी दिसेल.

टेकडीवर जुना किल्ला आहे व तेथे ख्रिस्तराजाचा पुतळा. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने हा किल्ला रातोरात घेतला होता. तो परत घ्यावयास गेलेला व्हाइसरॉय आल्व्होर जेमतेम जीव वाचवून माघारी आला आणि जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून मोकळा झाला. मराठी ख्रिस्ती माणसाने ह्या टेकडीवर उभे राहून कोणत्या बाजूने आनंद मानावा? आम्ही दोन्ही बाजूंनी थोडाथोडा मानला व खाली उतरलो.

फोन्सेकांच्या आयुष्याचा पेच काहीसा असाच होता. प्रथम ते मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकी शिकावयास गेले. ती सोडली. (येथे चिरंजीवांनी आमच्याकडे न पाहण्याची काळजी घेतली.) मग जे. जे. कलाशाळा, तेथली युरोपीय धाटणी मनास येईना, तीही सोडली. मग थेट बंगाल: अवनींद्रनाथ ठाकूर आणि शांतिनिकेतनात नंदलाल बसू. तेथे त्यांना आपला हात सापडला. १९३१ च्या सुमारास परत गोव्यात आले, पवित्र मरियेस साडी नेसविली, प्रभू येशूस भारतीय साधूच्या रूपात काढले, आणि आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. ज्या पोर्तुगीज गोव्यात देवघरातल्या मूर्तीचे गाल गुलाबीच असले पाहिजेत असा समज होता, तेथे ही चित्रे म्हणजे धर्माची थट्टा ठरली. त्यांना घर सोडावे लागले. पुण्याच्या शिवाजीनगरातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला. हा आश्रम जॅक विन्स्लो ह्या अँग्लिकन धर्मगुरूंनी स्थापिलेला. कॅथलिक चित्रकारास आपल्या मंडळींत जागा मिळू नये आणि ती दुसऱ्या पंथाच्या आश्रमात मिळावी, ही गोष्ट आपण कॅथलिकांनी लपवू नये असे आम्हांस वाटते. अर्थात सर्वच पाठमोरे झाले नाहीत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहासकार फादर हेरास (१८८८–१९५५) ह्यांनी त्यांची बाजू उचलून धरली, त्यांच्या संस्थेत फोन्सेकांची चित्रे आहेत.

१९५१ साली आयव्ही ह्यांच्याशी विवाह झाला, आणि पुढच्या कित्येक मरियांना पत्नीचा चेहरा मिळाला. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या घटनेत स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. चित्रकाराला हे ऐकावयास मिळाले. पण त्यानंतर चारच वर्षांनी, २८ डिसेंबर १९६७ रोजी, ते पुण्यात निवर्तले. आयव्हीबाईंनी जपलेली पुष्कळ चित्रे पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपविण्यात आली.

आम्ही मुलास विचारले, “अरे, ह्या माणसाने आपले बेट, ही नदी, हे माड का नाही काढले? ज्यासाठी नाव झाले त्या चित्रांत तर माणसेच माणसे.” वास्तविक आमचा हा प्रश्न त्याला कोंडीत पकडण्यासाठी होता, समुद्राचे नाव सांगून आम्हांस इतक्या दूर आणले होते ना!

तो बांधावर बसला आणि त्याने आम्हांस प्रथमच काही शिकविले. म्हणाला, नदी चित्रात नाही, चित्र काढण्याच्या रीतीत आहे. बंगालच्या चित्रकारांची धुलाईची पद्धत अशी: कागदावर पातळ रंग द्यावयाचा, तो वाळू द्यावयाचा, मग सबंध कागद पाण्यात बुडवावयाचा. वरवरचा रंग वाहून जातो, मुरलेला तेवढा राहतो. पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असे अनेकदा. १९०३ च्या सुमारास कलकत्त्यास आलेल्या योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो ह्या जपानी चित्रकारांपासून अवनींद्रनाथांना ह्याची दिशा मिळाली. शेवटी कागदावर धुक्यासारखी जी कांती उरते ती कुंचल्याने आणता येत नाही. “भरती-ओहोटीच की, बाबा,” तो म्हणाला.

फोन्सेकांनी ही पद्धत आपल्या बेटाची आठवण म्हणून स्वीकारली असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तसा पुरावा आमच्याजवळ नाही, आणि हिशेबनिसाने पुराव्याशिवाय नोंद करू नये. परंतु घरी टांगलेल्या त्या मरियेच्या पदराच्या कडा अशा पुसट का, हे इतकी वर्षे आम्हांस छपाईचा दोष वाटत आले होते. तो दोष नव्हता.

मुलाने पाण्याजवळ जाऊन वाटीभर पाणी आणले व त्यातच रंग कालविला. खारट पाण्यात रंग नीट बसत नाही, दाणे धरतो, असे तोच म्हणाला, तरी काढले. बांध, मानसचे दार, पलीकडे माडांची ओळ. चांगले की वाईट, सांगण्याची आमची पात्रता नाही. बांधावरून जाणारे एक वृद्ध गृहस्थ थांबले, पाहिले, आणि “दार उजव्या अंगाक जाय,” एवढे कोंकणीत बोलून गेले. मुलाने दार उजवीकडे घेतले. बाहेरच्या परक्या माणसाचे ऐकतो, घरच्यांचे नाही, असे सौभाग्यवती पुटपुटल्या. पण छत्री त्याच्या कागदावर धरून त्याच उभ्या होत्या.

परतीच्या वाटेवर ते चित्र वाळता वाळेना. कार्तिकातही ती हवा ओली असते. गाडीत ते मातोश्रींच्या मांडीवर सपाट ठेवले. साडीस रंग लागेल, असे आम्ही दोनदा बजावले. त्या जपमाळ ओढीत बसल्या होत्या. कागद वाऱ्याने उचलला की जपमाळेचा हात त्याच्या कोपऱ्यावर ठेवीत. कणकुंबीला पुन्हा चहा घेतला. तेथे मुलाने खिशातून घडी केलेला कलाशाळेचा प्रवेश-अर्ज काढून, काही न बोलता, बशीखाली ठेवला. अर्ज थोडा भिजला होता. पालकाच्या सहीची जागा मात्र कोरडी होती.

आम्ही पेन शोधू लागलो. ते नेहमीप्रमाणे सौभाग्यवतींच्या पिशवीत, सात शिरांच्या भेंड्यांच्या तळाशी निघाले.