वरचे तीन आणे

बेळगावात टिळकवाडीची काँग्रेस विहीर कुणालाही विचारा, हात करून दाखवतील. १९२४ च्या डिसेंबरात, २६ आणि २७ तारखेला, काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन इथं भरलं. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते या अधिवेशनात. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळा भार शिरावर घेतला होता. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलाचे स्वयंसेवक राबत होते. उमाबाई कुंदापुरांच्या पुढाकाराने बायकाही स्वयंसेविका म्हणून उभ्या राहिल्या होत्या. मोकळ्या माळावर विजयनगर नावाची नगरी उठली. एवढ्या माणसांना पाणी कुठून आणायचं, म्हणून विहीर खणली आणि तिला नाव ठेवलं पंपा सरोवर. त्या विहिरीला खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे.

मी दर वेळी थांबतो तो या तीन आण्यांपाशी. देशभरातून पुढारी यायचे आहेत, माळावर रात्रीचा दिवस चाललाय, आणि त्या धामधुमीत कुणीतरी कंदिलाशी बसून वरचे तीन आणेही वहीत उतरवतंय. दोरखंडाचे असतील, खणणाऱ्यांच्या चहागुळाचे असतील. त्याने ते सोडून दिले असते तर कुणी विचारलंही नसतं. पण पैसा लोकांचा होता आणि लोकांच्या पैशाला किरकोळ असं काही नसतं. अधिवेशन संपलं, तंबू उतरले, बांबू-पालं ज्याची त्याला परत गेली. विहीर राहिली आणि विहिरीचा हिशेब राहिला.

आमच्या गावात समुदाय भवन बांधायचं ठरलं तेव्हा ही विहीर माझ्या मनात सारखी येत होती.

‘समुदाय भवन’ हा शब्द पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला जरा परका वाटेल. तिकडे समाजमंदिर म्हणतात, सभागृह म्हणतात. आमच्याकडे हा शब्द कन्नडमधून आला आणि आमचाच होऊन बसला. सीमाभागात असंच असतं. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, देवळातली पोथी मराठीत वाचली जाते, बाजारात भाव दोन्ही भाषांत होतो. शब्द इकडून तिकडे जातात, त्यांना कोणी नाक्यावर अडवत नाही.

मार्कंडेय नदीच्या काठावरचं आमचं गाव. देवळापुढे पत्र्याचा मंडप होता. बारसं तिथंच, लग्न तिथंच, तेराव्याच्या पंगतीही तिथंच. पण बेळगावच्या पश्चिमेचा पाऊस म्हणजे साधा नव्हे. एकदा लागला की पत्र्यावर असा वाजतो की भटजींचे मंत्र नवरदेवालाही ऐकू येत नाहीत. ज्याची ऐपत होती तो शहरात कार्यालय घ्यायचा. ज्याची नव्हती तो ताडपत्री बांधायचा आणि वऱ्हाडाच्या पायांखालचा चिखल बघून मान खाली घालायचा. ती खाली गेलेली मान गावाला सोसवेना. भवनाचं मूळ तिथं आहे.

वार पाळणुकीच्या दिवशी बैठक बसली. त्या दिवशी शेतात कुणी जात नाही, त्यामुळे घराघरातलं माणूस आलं. पंचांनी ठराव मांडला: घरटी पट्टी बसवायची. ज्या घरात मिळवतं माणूस नाही त्या घराला माफ. फौजेतल्या पोरांनी सुट्टीवर येतील तेव्हा आपापल्या परीने द्यावं. गवंडीकाम करणाऱ्यांनी, आणि ते आमच्या गावात पुष्कळ आहेत, पैशाऐवजी हात द्यावेत. गावाला पैसा मोजता येतो आणि घामही मोजता येतो. किती घरांनी काय द्यायचं याची यादी एका शंभर पानी वहीत उतरली, आणि पावती पुस्तकं छापून आली.

पावती पुस्तक ही मला फार सुंदर वस्तू वाटते. अर्धं पान देणाऱ्याच्या हातात जातं, अर्धं पुस्तकात राहतं. फाडताना मधली टिंबांची रेघ टरकन उसवते. त्या आवाजाबरोबर आपण एका कामाशी बांधले जातो. पुढे ते चिठोरं देवाच्या फोटोमागे खोचलं जातं आणि वर्षानुवर्षं तिथंच पिवळं पडतं. घर झाडताना सापडलं तरी कुणी टाकत नाही.

वर्गणी गोळा करणारी पोरं एका आज्जीचं दार टाळून पुढे निघाली होती. तिच्या घराला माफी होती. आज्जीनेच हाक मारली. पदराची गाठ सोडली, पन्नासाची नोट काढली आणि आतून चार शेर तांदूळ आणून पिशवीत ओतले.

“आज्जी, तुमची पट्टी माफ हाय ओ,” पोरगं म्हणालं.

“देवळाच्या दारात माफी कसली रे? फाड पावती.”

पोराने पावती फाडली. तांदळाचं कुठे लिहायचं हे त्याला कळेना, तेव्हा त्याने नोटेच्या आकड्याखालीच लिहिलं, ‘तांदूळ ४ शेर’. छापलेल्या पावतीत तांदळासाठी रकाना नव्हता. आज्जीने तो पाडून घेतला.

हे काही आमच्या गावचं नवल नाही. या मातीला देण्याची जुनी सवय आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे. पावणेदोनशे वर्षं कुणीतरी वर्गणी भरतंय आणि कुणीतरी तिची नोंद ठेवतंय. केएलई संस्था आज केवढी मोठी, पण १९१६ साली तिची सुरुवात सात शिक्षकांनी केली. शिक्षकांच्या खिशात असून असून काय असणार? तरी काम उभं राहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर घरोघरच्या बायकांकडे पैसाही मागितला नाही. जात्यात घालायच्या धान्यातली एक मूठ बाजूला ठेवा म्हणाले. त्या मुठींवर वसतिगृहातली पोरं जेवली आणि शिकली. मराठीत वाचनालयाला द्यायची ती वर्गणी आणि गणपतीला द्यायची तीही वर्गणीच. पुस्तक आणि देव यांना एकच शब्द पुरतो, हे मला आपल्या भाषेचं मोठेपण वाटतं.

निपाणीला मावशीकडे गेलं की ती १९८१ सालाच्या गोष्टी सांगते. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या मागे शेतकरी उठले आणि पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावर माणसांचं गाव वसलं होतं. त्याला नाव पडलं आंदोलननगर. खेड्याखेड्यांतून भाकऱ्या येत. कुणाच्या घरून किती आल्या, कुणी मोजल्या नाहीत. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मेले. मावशी इथवर आली की गप्प होते, आणि मग पुन्हा भाकऱ्यांवरच येते. फडक्यात बांधलेल्या, अजून वाफ धरलेल्या, ठेच्याचा लाल डाग पडलेल्या भाकऱ्या. भिंती आणि छप्पर नसलेलं ते एक समुदाय भवनच होतं असं मला वाटतं. त्याचा हिशेब कुठल्या वहीत नाही. तो मावशीसारख्यांच्या तोंडात आहे, म्हणून ती तो पुन्हा पुन्हा सांगते.

त्याच निपाणीचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत. गाव कर्नाटकात आणि गावचं कॉलेज महाराष्ट्रात. सकाळी पोरं-पोरी दप्तरं घेऊन राज्य ओलांडतात आणि दुपारी जेवायला परत येतात. १९५६ च्या नोव्हेंबरात नकाशावर रेघ पडली, तिचं दुःख इथल्या घराघरात आहे आणि ते खरं आहे. पण लोकांनी आपल्या हाताने जे उभं केलं, त्याला ती रेघ कापू शकली नाही.

भवनाचा पाया निघाला, कॉलम वर आले, आणि स्लॅबचा दिवस ठरला. स्लॅब एका दमात भरावा लागतो. मध्ये थांबलं तर जोड राहतो, आणि पावसाळ्यात पाणी नेमकं त्या जोडातून उतरतं. पहाटे नारळ फुटला. मिक्सर घरघरू लागला. देवळापासून भवनाच्या जिन्यापर्यंत माणसांची रांग लागली आणि खडी-वाळूच्या, मग ओल्या काँक्रीटच्या बुट्ट्या हातोहात वर जाऊ लागल्या. सुट्टीवर आलेला फौजी, कॉलेजची पोरगी, दोन वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन चुलतभाऊ. रांगेत ते शेजारी शेजारी आले होते. पहिल्या बुट्टीला कुणी कुणाकडे पाहिलं नाही. दहाव्या-बाराव्या बुट्टीला एकजण म्हणाला, “धर नीट, कड सुटली बघ.” दुसऱ्याने धरली. एवढंच. भरली बुट्टी हातात देताना माणसाला माणसाकडे बघावंच लागतं.

तिकडे बायकांनी चुली पेटवल्या होत्या. आज्जीचे चार शेर तांदूळ मोठ्या पातेल्यात बाकीच्यांच्या तांदळात मिसळले. मसालेभात शिजला, शिरा झाला. सूर्य कलायच्या आत शेवटची बुट्टी वर गेली आणि वरून ओरडा झाला. सिमेंटने पांढरट झालेली माणसं पंगतीला बसली. त्या दिवशी कोण कुठल्या गल्लीचा, हे चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाबद्दल नाही, त्याच्यानंतरच्या दिवसांबद्दल. सेंट्रिंगचं काम घेतलेला माणूस गोकाककडचा, कन्नड बोलणारा. जाताना तो पंचांचा हात धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, “नीरु हाकरी, नीरु.” पाणी घाला, पाणी. आपल्याला वाटतं काँक्रीट सुकून घट्ट होतं. तसं नसतं. ते पाणी पिऊन घट्ट होतं. सिमेंटला आतून पाणी लागतं, आणि ते पहिल्या दिवसांत मिळालं नाही तर वरून कोरडा टणक दिसणारा स्लॅब आतून कच्चा राहतो. म्हणून स्लॅबवर मातीची छोटी आळी बांधली आणि त्यांत पाणी भरलं. वर चढून पाहिलं तर भवनाच्या माथ्यावर भाताचे वाफेच पसरलेले, आणि त्यांत आभाळ उतरलेलं. रोपं तेवढी नव्हती.

तीन आठवडे पाण्याची पाळी लागली. आज या गल्लीची चार घरं, उद्या त्या गल्लीची. स्लॅबच्या दिवशी सगळं गाव होतं, वाजंत्री होती, मोबाइलवर फोटो निघत होते. पाण्याच्या पाळीला कोण असणार? सकाळी शाळेत जायच्या आधी दोन पोरं घागर घेऊन जिना चढायची. संध्याकाळी कुणी म्हातारा पाइप धरून उभा असायचा. कुणी फोटो काढत नव्हतं. भवन खरं पक्कं झालं ते या दिवसांत. उत्साहाने स्लॅब भरता येतो, पण तो पक्का व्हायला रोजची घागर लागते. सार्वजनिक कामं मोडतात ती पैसा कमी पडला म्हणून क्वचित, बहुतेक वेळा पाण्याच्या पाळीला माणूस आलं नाही म्हणून. आमच्याकडे एकदाच चुकली. त्या दिवशी ज्यांची पाळी होती त्यांच्या घरात आजारपण निघालं, आणि सूर्य मावळायच्या आत शेजारच्या घराने न सांगता घागर उचलली. हे वहीत नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो.

तीन आठवड्यांनी सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या. छताच्या खालच्या अंगावर फळ्यांच्या लाकडाच्या रेषा जशाच्या तशा उमटल्या होत्या. पुढे गिलावा झाला आणि त्या दिसेनाशा झाल्या, पण मला त्या अजून दिसतात.

दाराशी ग्रॅनाइटची फरशी बसली. तीत पाच हजार एकच्या वरच्या देणगीदारांची नावं कोरली. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. दगडात जागा थोडीच असते. पण वास्तुशांतीच्या आदल्या रात्री जमाखर्च वाचायचा होता, आणि पंचांनी ठरवलं की सगळ्या पावत्या वाचायच्या, एकही न गाळता. नवं भवन माणसांनी भरलं. भिंतींना अजून चुन्याचा ओला वास होता. खजिनदार पोरगा उभा राहून वाचू लागला. नाव, आकडा, नाव, आकडा. दीड तास झाला. कुणी उठलं नाही. प्रत्येकाला आपलं नाव ऐकायचं होतं, हे खरं. पण आपलं येऊन गेल्यावरही माणसं बसून दुसऱ्याचं ऐकत होती.

आज्जीचं नाव आलं. “रोख पन्नास. तांदूळ चार शेर.” पोराने दगडातल्या मोठ्या देणग्या वाचल्या होत्या त्याच आवाजात ते वाचलं.

मग खर्च. सिमेंट, सळई, खडी, वाळू, फळ्यांचं भाडं, लाइटची फिटिंग, आचाऱ्याचा गूळ. शेवटी शिल्लक. पोराचा घसा बसला होता. त्याने बँकेतली शिल्लक रुपयांत वाचली आणि वही मिटली.

बायकांच्या बाजूने, मागून आवाज आला, “आणि वरचे?”

पोराने वही परत उघडली. व्याजाच्या रकान्यावरून बोट फिरवलं.

“वर साठ पैसे,” तो म्हणाला.

मग माणसं उठली.