किंचाळण्याची तालीम

स्टुडिओत ‘स्क्रीम’ करणारा गायक पहिल्यांदा आला, की नवखा रेकॉर्डिस्ट आधी गेन खाली आणतो. आता कानठळ्या बसणार, मीटर लालेलाल होणार, अशी त्याची खात्री असते. प्रत्यक्षात मुरलेल्या स्क्रीमरचा आवाज त्याच खोलीत उभं राहून ऐकला, तर तो अपेक्षेपेक्षा बराच लहान निघतो. खऱ्या स्वरतंतूंच्या थोडं वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी बोलताना त्यांचं फारसं काम नसतं. त्या एकमेकींजवळ आणून, पोटातून बेताचीच हवा सोडली की तो खरखरीत, फाटका आवाज तयार होतो. पुढचा अक्राळविक्राळपणा मायक्रोफोन आणि कंप्रेसरचा. न्यूयॉर्कच्या गायन-शिक्षिका मेलिसा क्रॉस यांनी ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ नावाची डीव्हीडी काढली, तेव्हा अनेकांना ती थट्टा वाटली होती. पण घसा न फाडता किंचाळता येतं, आणि ते शिकवताही येतं, एवढंच त्या सांगत होत्या.

हे आधी सांगायचं कारण असं, की नैराश्यावरचा अल्बम म्हटला की ऐकणारा मनात एक चित्र धरूनच बसतो. गायकाचा बांध फुटला, तो माइकसमोर कोसळला, आपण ते कोसळणं ऐकतोय. पोस्ट-हार्डकोर या संगीतप्रकाराची जन्मकथाही या चित्राला खतपाणी घालते. १९८५च्या आसपास वॉशिंग्टन डी.सी.मध्ये राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडनी हार्डकोर पंकचा वेग आणि राग घेतला, पण राजकारणावर ओरडायचं सोडून ते स्वतःच्या आत बघून ओरडू लागले. तेव्हापासून या संगीतात आतलं जितकं उघडं, तितकं ते अस्सल, असा एक समज घट्ट बसला आहे.

तो समज कुठे तोकडा पडतो, हे पाहायला ऑस्ट्रेलियाचा एक बँड सोयीचा आहे. क्वीन्सलँडमधलं गिंपी हे १८६७मध्ये सोनं सापडलं म्हणून वसलेलं गाव, ब्रिस्बेनच्या उत्तरेला. तिथल्या शाळकरी मित्रांनी द अ‍ॅमिटी अफ्लिक्शन हा बँड काढला. अपघातात गेलेल्या एका मित्राची आठवण बँडच्या नावात आहे. २०१२मध्ये ‘चेसिंग घोस्ट्स’, मग जून २०१४मध्ये ‘लेट द ओशन टेक मी’, आणि २०१६ व २०१८मधले पुढचे दोन, असे सलग चार अल्बम ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय तक्त्यावर पहिल्या क्रमांकावर गेले. इतक्या कर्कश संगीताच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही.

‘लेट द ओशन टेक मी’मधले शब्द मुख्यतः जोएल बर्चचे. तो स्क्रीम करतो. नैराश्य, दारू, जगणं नकोसं वाटणं याबद्दल तो मुलाखतींतही आडपडदा न ठेवता बोलत आला आहे. अल्बम लिहिण्याआधी, परदेश दौऱ्यावर असताना, त्याच्या जिवावर बेतलं होतं. त्या प्रसंगाची सावली दहाही गाण्यांवर आहे. एका गाण्याचं तर नावच ‘डेथ्स हँड’.

आता गंमत अशी की या शब्दांतला मोठा वाटा बर्च गातच नाही. बासगिटार वाजवणारा एहरन स्ट्रिंगर गातो, आणि तोही गोड आवाजात, सरळ सुरात, लगेच ओठांवर बसेल अशा चालीत. ज्याने सोसलं आणि लिहिलं तो एक, आणि त्यातली कित्येकदा सगळ्यांत काळीकुट्ट ओळ गाणारा दुसरा. पोस्ट-हार्डकोरमध्ये अशी दोन आवाजांची वाटणी नवी नाही. बहुतेक बँड मात्र ती ढोबळपणे करतात: कडव्यात किंचाळी, धृपदात गोडवा, राग इकडे, आशा तिकडे. या अल्बममध्ये वाटणी बरीच तिरकी आहे. कित्येकदा किंचाळीच्या वाट्याला धडपड येते, हातपाय मारणं येतं, आणि हार मानल्याची कबुली गोड चालीत येऊन बसते. नैराश्य अनुभवलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. आरडाओरडा करण्याइतकी ताकद असते, तो दिवस त्यातल्या त्यात बरा म्हणायचा.

ही वाटणी ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर बसून ऐकली की तिचा दुसरा उपयोग लक्षात येतो. स्क्रीमला ठरावीक स्वर नसतो. त्यात ‘सा’ शोधायला जाल तर सापडणार नाही. त्यामुळे तिच्यावर गाणाऱ्याला सूर मिळवता येत नाही, प्रेक्षकांना फार तर तिच्याबरोबर ओरडता येतं. शिवाय व्यंजनं झिजतात. ‘त’, ‘क’ कसेबसे टिकतात, बाकी शब्द म्हणजे स्वरांची एक खरखरीत नदी. कागद हातात नसेल तर अर्धं कळत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला जे सांगायचंच आहे पण उघड्यावर ठेवायचं नाही, ते लपवायला स्क्रीम ही उत्तम जागा. आणि जे सगळ्यांनी आपलं म्हणून गावं असं वाटतं, ते चालीत घालावं लागतं. हजारो पोरंपोरी हात वर करून एका माणसाच्या औषधाच्या आणि बिछान्याच्या दिवसांतला ‘मी’ आपला म्हणून गातात, हे चालीशिवाय घडलं नसतं. तुकोबांच्या अभंगातल्या ‘मी’चं हताशपण दिंडीत शेकडो गळे एकसाथ म्हणतात, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. हे त्याच्या फार लांबचं नाही.

विल पटनी हा या अल्बमचा निर्माता. तो स्वतः फिट फॉर अ‍ॅन ऑटोप्सी या न्यू जर्सीच्या जड वाजवणाऱ्या बँडचा गिटारवादक. त्यामुळे गिटारचा भार कुठे कमी करायचा, हे त्याला वाजवणाऱ्याच्या बाजूनेही ठाऊक. धृपद आलं की मधली जागा मोकळी होते आणि स्ट्रिंगरचा आवाज तिथे ऐसपैस बसतो. ही मोकळी जागा अपघाताने तयार होत नाही. कुणीतरी बसून, गिटारच्या फ्रिक्वेन्सी कापून, ती करावी लागते.

मग स्क्रीममध्ये खरं दुःख असतं की नसतं? इथे आमच्या धंद्यात दोन तट आहेत: गायक माइकसमोर खरोखर कोसळला पाहिजे म्हणणारा एक, आणि तालीम पुरे म्हणणारा दुसरा. पहिल्या तटाचं आवडतं उदाहरण निर्माता रॉस रॉबिन्सन. १९९४मध्ये मालिबूच्या इंडिगो रँच स्टुडिओत त्याने कॉर्न या बँडचा पहिला अल्बम केला. शेवटच्या गाण्यात गायक जोनाथन डेव्हिस लहानपणीच्या अत्याचाराबद्दल गाता गाता हुंदके देऊन रडू लागला. टेप थांबवली नाही आणि ते रडणं अल्बमवर तसंच आहे. मोठं ध्वनिमुद्रण आहे, वाद नाही. पण या एका टेपने पुढच्या पिढीतल्या किती निर्मात्यांना गायकाला रडवण्याचा परवाना वाटून दिला असेल, कुणास ठाऊक. डेव्हिसला ते गाणं पुढे कित्येक वर्षं मंचावर गाणं नकोसं होतं, हे मात्र ही कथा सांगणारे सोयीस्करपणे विसरतात.

पेच इथेच आहे. अल्बम एकदा होतो, दौरा शंभर रात्रींचा असतो. बर्चला तेच शब्द आज मेलबर्नला, परवा हॅम्बर्गला म्हणायचे असतात. त्यातल्या काही संध्याकाळी तो ठीक असेल, काही संध्याकाळी मुळीच नसेल. प्रत्येक वेळी खरोखर कोसळायचं ठरवलं तर घसाही टिकणार नाही आणि माणूसही नाही. श्वास कुठे घ्यायचा, जबडा किती उघडायचा, ओळीच्या शेवटी हवा किती राखून ठेवायची, ही सगळी कोरडी कारागिरी त्याला त्या शब्दांपासून चार बोटं लांब उभं राहू देते. दुःख लिहिताना कागदावर ओतून झालेलं असतं. माइकसमोर उरते ती तालीम.

याच अल्बममध्ये ‘डोन्ट लीन ऑन मी’ आहे आणि ‘नेव्हर अलोन’ही आहे. माझा आधार घेऊ नका, आणि तुम्ही एकटे नाही आहात. आपली गाणी ऐकून आपल्याकडे दुःख घेऊन येणाऱ्या माणसांना एकच माणूस ही दोन्ही उत्तरं एकाच अल्बममध्ये देतो, आणि दोन्ही प्रामाणिक वाटतात. विसंगती तशीच राहू देण्याचा हा निर्णय मोलाचा आहे. व्यवस्थित घडी घातलेलं नैराश्य जाहिरातीत शोभतं.

रडण्याविना दुःख कसं मांडता येतं, याचा दुसरा नमुना लॉस एंजेलिसच्या टूशे अमोरे या बँडचा. ३१ ऑक्टोबर २०१४ला फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला ते मंचावर असताना गायक जेरेमी बोल्म याची आई कर्करोगाने गेली. सप्टेंबर २०१६मध्ये आलेला ‘स्टेज फोर’ हा अख्खा अल्बम त्या मृत्यूचा आहे. आईचा एक व्हॉइसमेल ऐकण्याचं धाडस आपल्याला अजून झालेलं नाही, असं तो सुरुवातीच्या एका गाण्यात सांगतो. शेवटचं ‘स्कायस्क्रेपर’ हे गाणं संपतं तेव्हा तो व्हॉइसमेल वाजतो. आईचं बोलणं रोजच्या कामाचं आहे.

रेकॉर्डिस्टच्या कानाला तिथे काय ऐकू येतं ते सांगण्यासारखं आहे. साध्या टेलिफोनच्या तारेवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. आवाजाचा तळ नाही, वरची चमक नाही. सगळं नाकात अडकल्यासारखं. पस्तीसेक मिनिटं गिटार, ढोल आणि बोल्मचा फाटका आवाज यांनी खोली भरून गेल्यावर अचानक स्पीकरच्या मधोमध एक चिंचोळी फट उरते आणि तिच्यातून एक बाई बोलते. असा आवाज हातात आला की खरखर काढावी, थोडा तळ भरावा, असा मोह कुणालाही होईल. तसं केलं असतं तर आई खोलीत आल्यासारखी वाटली असती. ती खोलीत नाही, हेच तर सांगायचं होतं. टूशे अमोरेने २०२०चा ‘लॅमेंट’ रॉस रॉबिन्सनकडेच केला, हा त्यातला आणखी एक गमतीचा धागा. टेकआधी प्रत्येक वादकाला गाण्याच्या अर्थावर बोलायला लावायची रॉबिन्सनची रीत आहे. बोलून झालं की मग वाजवायचं. रडवण्यापेक्षा हे बरं.

अ‍ॅमिटी अफ्लिक्शनने २०२४मध्ये, दहा वर्षं झाल्याचं निमित्त करून, ‘लेट द ओशन टेक मी’ नव्याने गाऊन-वाजवून ‘रिडक्स’ म्हणून काढला. जुन्या अल्बमचं असं पुनर्ध्वनिमुद्रण बहुधा हक्कांच्या किंवा विक्रीच्या हिशेबाने होतं, आणि ऐकणारे जुनंच बरं होतं म्हणून मोकळे होतात. इथे मात्र दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात. दहा वर्षांत स्क्रीमरचा आवाज खाली उतरतो, रुंद होतो. तरुणपणी ज्या ओळीत घसा ओढला जात होता, तिथे आता हवा शिल्लक असते. शब्द तेच, पण ते म्हणणारा आता त्या जिवावरच्या प्रसंगाच्या पलीकडे जगून आलेला माणूस आहे.

२०२५च्या सुरुवातीला स्ट्रिंगर बँडमधून बाहेर पडला. बास आणि गोड आवाजाची जागा किंगडम ऑफ जायंट्सच्या जोनाथन रीव्हजने घेतली. बर्चने लिहिलेल्या आणि स्ट्रिंगरच्या गळ्याने लोकांच्या ओठांवर बसवलेल्या ओळी आता तिसरा माणूस गातो. चाल तीच ठेवायची, पट्टी आपल्या गळ्याला सोसेल ती धरायची, आणि कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे रोज रात्री शेजारी उभ्या असलेल्या लेखकाच्या देखत ठरवायचं, असं ते काम आहे.