तीस ग्रॅमचे ओझे

"अहो, तुम्हाला थंडी वाजतेय का?"

सिन्नरहून नाशिकरोडला परतताना मोहदरी घाट उतरून मोटारसायकल सरळ रस्त्याला लागली आणि मागे बसलेल्या पत्नीने हा प्रश्न विचारला. दिवस वैशाखाचे. पण तिचा हात नवऱ्याच्या खांद्यावर होता आणि तो खांदा थरथरत होता. त्याने वेग कमी केला. काटा पन्नासच्या खाली आला तशी थरथर थांबली. पुन्हा पासष्टपर्यंत नेला, तर हँडल मुठीतल्या मुठीत नाचू लागले.

पुढचा टायर आठच दिवसांपूर्वी बदललेला. तोही कोपऱ्यावरच्या दुकानात नव्हे, तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण काम कंपनीतच करायचे, हा त्या घराचा नियम होता. दर रविवारी दोघे याच गाडीवरून तिच्या माहेरी जात. बाकीचे सहा दिवस गाडी नोकरीसाठी.

सोमवारी अर्धी रजा टाकून तो तिथे गेला. काचेचे दार, थंडगार हवा, कॉफीचे यंत्र आणि भिंतीवरच्या टीव्हीत लडाखच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या मोटारसायकली. टाय लावलेल्या मुलाने तक्रार अगदी नम्रपणे ऐकून घेतली आणि जॉबकार्डवर लिहिले, 'जनरल चेकअप'. संध्याकाळी गाडी मिळाली ती लखलखीत धुतलेली. टायरलासुद्धा काळे पॉलिश. बिल भरून तो महामार्गावर आला आणि पासष्टला हँडल पुन्हा नाचले.

दुसऱ्या फेरीत उत्तर मिळाले, "सर, टायर नवीन आहे. पाचशे किलोमीटर चालू द्या, सेट होईल." नवा टायर सुरुवातीला थोडा निसरडा असतो आणि शंभरेक किलोमीटर जपून चालवावे लागते, हे खरे. पण तो प्रश्न पकडीचा, थरथरीचा नव्हे. गाडी पुन्हा धुऊन मिळाली, बिलही मिळाले. तिसऱ्या फेरीत त्याने भीतभीतच 'बॅलन्सिंग' हा शब्द काढला. "सर, बॅलन्सिंग कारला असतं. बाइकला नसतं!" मागे उभे असलेले कोणीतरी हसले.

त्या हसण्याने तो खचला. आपल्यालाच भास होतो की काय, असे वाटू लागले. पुढचे दोन रविवार दोघांनी एसटीने प्रवास केला. पत्नी काही बोलली नाही. पण 'आज बसनेच जाऊ' हे ती ज्या घाईने म्हणाली, त्यातच तिची भीती कळत होती.

तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तिसऱ्या रविवारी त्यांनीच जावयाला हळू वेगात गाडी घेऊन यायला लावले. आधी त्यांनी पुढचे चाक उचलून दोन्ही हातांनी हलवून पाहिले. बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. हँडलचा कोनसेट ढिला नव्हता. काटकी रिमजवळ धरून चाक फिरवले. रिमला आऊट नव्हता. टायरच्या कडेची रेघही रिमला सगळीकडे सारखी टेकलेली. मग त्यांनी चाक खोलले. "आता ब्रेक दाबू नका हं, जावईबापू. आणि डिस्कला तेलकट हात नको." आस दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर टेकवून त्यांनी चाक हलकेच फिरवून सोडले. ते डुलत डुलत थांबले. सगळ्यात खालच्या जागी त्यांनी खडूची खूण केली. बेअरिंगच्या सीलमुळे चाक थोडे अडते, म्हणून पुन्हा, पुन्हा. चारही वेळा खूण जवळपास त्याच जागी खाली आली.

"ही बाजू जड," ते म्हणाले. मग समोरच्या बाजूला चिकटपट्टीने एकेक नट लावत गेले. सोडू तिथे चाक उभे राहू लागले, तेव्हा ते नट घेऊन गल्लीतल्या सोनाराकडे गेले. काटा तीस ग्रॅमवर थांबला. सोने असते तर तीन तोळे!

एवढ्याशा वजनाने दीडशे किलोच्या आसपासची गाडी कशी हलावी? चाक फिरते तसे ते तीस ग्रॅम बाहेर ओढ घेतात. अशा गाडीचे चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साधारण बारा वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत ही ओढ सुमारे साडेतीन किलोच्या वजनाइतकी असते. एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला बारा वेळा. वेग निम्मा केला की ओढ निम्मी नव्हे, पाव होते. म्हणून तर शहरात चालवणाऱ्या कित्येकांना चाकाचा तोल गेल्याचे जन्मात कळत नाही, आणि 'बाइकला नसतं' हे वाक्य खपून जाते.

"बाबा, तुम्हीच चला ना आमच्याबरोबर," मुलगी म्हणाली.

"मी आलो तर ते माझ्याशी बोलतील. तक्रार तुमची आहे. तुम्हीच जा."

या वेळी ती बरोबर गेली. टायवाल्या मुलाने पुन्हा 'जनरल' लिहायला घेताच तिने कार्ड आपल्याकडे फिरवले आणि स्वतः लिहिले: '६० ते ७० च्या वेगात हँडल थरथरते. टायर बदलल्यापासून. चालवून पाहावे.' बराच वेळ कुजबूज झाली. शेवटी आतून फोरमन आला. हात पुसत त्याने कार्ड वाचले, हेल्मेट घातले आणि महामार्गावर एक चक्कर मारून आला.

"बरोबर आहे, ताई. पण आमच्यापर्यंत हे आलंच नव्हतं. कार्डावर जनरल चेकअप असलं की पोरं तेल बघतात, चेन बघतात आणि गाडी धुऊन देतात. दिवसाला गाड्याही ढीगभर."

तोल साधायची साधने तिथे नव्हतीच. चाक महामार्गावरच्या एका टायरवाल्याकडे गेले. त्याने पाहताच सांगितले, टायर उलटा बसलाय. टायरवर पिवळा ठिपका असतो, ती त्याची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हपाशी यायला हवी. इथे ठिपका बरोबर समोरच्या टोकाला होता. त्याने टायर सोडवून फिरवला, पुन्हा हवा भरली आणि पाच पाच ग्रॅमच्या दोनच पट्ट्या रिमला चिकटवल्या.

रविवारी घाट उतरल्यावर काटा सत्तरपर्यंत गेला. हँडल शांत. खांद्यावरचा हातही.

या कामाचे पैसे सर्व्हिस सेंटरने लावले नाहीत. आधीच्या दोन बिलांचे मात्र परतही दिले नाहीत. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करावा, असे तिचे म्हणणे आहे. त्याला वाटते, फोरमन भला माणूस आहे, कशाला उगाच! दोन्ही बिले फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली आहेत.