सौम्य चवीची गोष्ट

थोरल्या काकांचा संसार दारूपायी बुडाला. तेव्हापासून बाटली म्हणजे सर्वनाश, एवढेच आम्हा भावंडांना ठाऊक. तिची चव पारखतात, हे मला अलास्कातील जूनो गावी मुलाने दाखवले.

या गावाला बाहेरून मोटारीचा रस्ताच नाही. तिथे मार्सी आणि जेफ लार्सन या दांपत्याने १९८६ मध्ये बिअरचा छोटा कारखाना काढला. शेजारच्या डग्लसमधील विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका कारखान्याची कृती शोधून त्यांनी ‘अलास्कन अँबर’ तयार केली.

“आई, आधी रंग बघ, मग वास घे,” मुलगा म्हणाला. रंग कोऱ्या चहासारखा तांबूस. मोड आणून भाजलेल्या जवाची ही करामत. वास खरपूस पावाचा. घोट घेतला, तर आधी किंचित गोडवा आणि शेवटी नावापुरता कडवटपणा. थंडाव्यात सावकाश आंबवल्यामुळे ती घशाला कुठेच टोचत नाही. आमटी उतरवताना जिभेवर थेंब घेऊन पारखावी, तसेच हे.

पण बाटलीवर मद्यार्क ५.३ टक्के लिहिलेला होता. म्हणजे सौम्य होती ती चव, नशा नव्हे! जी सहज उतरते, तिचा दुसरा पेलाही सहज भरला जातो. काकांचे असेच झाले असेल का, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

मुलाने आपला छोटा पेला संपवला आणि पाणी मागवले. बिअरला मी दहापैकी आठ गुण दिले. मुलाला मात्र पैकीच्या पैकी!