गणकयंत्राकडे पुन्हा

लातुरास शिकत असता, आज्ञावली भरता येईल असे एक गणकयंत्र मी शिकवणीच्या पैशांतून घेतले होते. पुढे नांदेडास नोकरी लागली, कालांतराने भ्रमणध्वनी हाती आला, आणि रात्र जागून यंत्राकडून करवून घेतलेले काम क्षणात होऊ लागले. हौस विटली.

गेल्या वर्षी वर्गात देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या ६१७४ या संख्येचा विषय निघाला. चार अंकी संख्या घ्यावी, मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत जावे. शून्ये गाळू नयेत. फार तर सात खेपांत ६१७४ येते. हे यंत्रास शिकवावे असे मनात आले. पण पायऱ्या मोजक्याच. अंक लावता लावताच त्या संपल्या! तेव्हा बीजगणिताचा आश्रय केला. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ मानले, तर वजाबाकी ९९९(क−घ) + ९०(ख−ग) इतकीच ठरते. संख्या उलटसुलट रचण्याचे कामच उरले नाही. भ्रमणध्वनीवर जागेची वाण नाही. तेथे मजला हे खचित सुचले नसते.

३५२४ घातली. ३०८७, ८३५२, ६१७४!

हल्ली पाच अंकी संख्यांच्या नादी लागलो आहे. तेथे एकच मुक्काम नाही, तीन निरनिराळी चक्रे आहेत. त्यांस माझ्या पायऱ्या पुरतात की नाही, हे दिवाळीच्या सुटीत पाहावयाचे आहे.